परभाषेतील फंक्शनला बोलावताना
न्यासाच्या संगणक अभ्यासवर्गातील एक पाठ

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संगणक अभ्यासवर्गाच्या वतीने काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हा शिकविणाऱ्यांपुढे दोन मार्ग होते. वर्ग केव्हा सुरू झाला, किती विद्यार्थी शिकून गेले, त्यांपैकी कितीजण नोकरीस लागले, असा अहवाल देणे हा एक मार्ग. पण तो अहवाल कार्यवाहांच्या निवेदनात येणारच आहे. दुसरा मार्ग म्हणजे वर्गातला एखादा पाठ जसा शिकविला जातो तसा वाचकांपुढे ठेवणे. आम्ही हा दुसरा मार्ग पत्करला आहे.

पाठ निवडताना मात्र आम्ही मुद्दाम असा निवडला की, ज्यात आमची स्वतःची चूक झाली होती. ती चूक वर्गाच्या चार भिंतींत राहिली नाही. ती शिष्यवृत्ती निधीच्या बैठकीपर्यंत जाऊन पोचली, आणि वेळीच ध्यानात आली नसती तर दोन मुलांची शिष्यवृत्ती तिच्यापायी बुडाली असती. ज्यांचा संगणकाशी कधी संबंध आला नाही अशा वडीलधाऱ्या सभासदांनाही हा पाठ समजावा, ह्या बेताने तो लिहिला आहे. त्यातली आकडेमोड शाळेतल्या व्याजाच्या उदाहरणांपलीकडची नाही.

फंक्शन म्हणजे काय?

संगणकाकडून जे काम करवून घ्यावयाचे त्याच्या सूचनांच्या मालिकेला प्रोग्राम म्हणतात. प्रोग्राम मोठा झाला म्हणजे तेच ते काम पुन्हा पुन्हा करावे लागते. दर वेळी त्याच सूचना नव्याने लिहिणे म्हणजे श्रमही वाया आणि चुकांनाही आमंत्रण. म्हणून त्या कामाच्या सूचना एकदाच वेगळ्या लिहून काढतात, त्यांना एक नाव देतात आणि गरज पडेल तेव्हा त्या नावाने त्यांना बोलावतात. असा नाव असलेला, काम करून उत्तर परत देणारा स्वतंत्र भाग म्हणजे फंक्शन. त्याला मुद्दल, दर आणि मुदत द्यावी. त्याने रास काढून परत द्यावी. आत गुणाकार कसा केला, ह्याच्याशी बोलावणाऱ्याला कर्तव्य नाही.

ही युक्ती जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक चालू झाला. त्याच्यासाठी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल ह्यांनी अशा तयार भागांचा संग्रहच केला आणि १९५१ साली त्या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. काम संपल्यावर जेथून बोलावणे आले तेथेच नेमके परत कसे जावयाचे, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. त्यावर व्हीलर ह्यांनी काढलेली तोड आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

भाषा अनेक का झाल्या?

प्रोसेसरला समजते ती केवळ अंकांची यांत्रिक भाषा. ती माणसाला लिहावयास फार कष्टाची. म्हणून माणसाच्या सोयीच्या भाषा निर्माण झाल्या आणि त्यांचे यांत्रिक भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रामही निर्माण झाले. जॉन बॅकस ह्यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत तयार झालेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ साली बाहेर आली. गणिती सूत्रे लिहिण्यासाठी ती होती. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची ह्यांनी सी ही भाषा घडविली. यंत्राच्या अगदी जवळ राहून काम करणारी ही भाषा आहे. १९९१ साली नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम ह्यांनी पायथन ही भाषा प्रथम प्रसिद्ध केली. वाचावयास सोपी, शिकावयास सोपी, म्हणून आमच्या वर्गाचा श्रीगणेशा तिनेच होतो.

प्रत्येक भाषेचा गुण वेगळा आणि उणीवही वेगळी. सीमध्ये लिहिलेले काम वेगाने होते, पण लिहिणाऱ्याने क्षणोक्षणी सावध राहावे लागते. पायथनमध्ये काम चटकन लिहून होते, पण मोठ्या आकडेमोडीत ती मागे पडते. तेव्हा प्रश्न असा येतो की, सीमध्ये कोणी एक फंक्शन पूर्वीच लिहून, तपासून, वर्षानुवर्षे वापरून ठेवले असेल, तर पायथनमध्ये काम करणाऱ्याने ते पुन्हा लिहावे काय? की त्या जुन्या फंक्शनलाच बोलवावे?

ह्याचे उत्तर जगाने केव्हाच देऊन टाकले आहे. १९५८ सालच्या दुसऱ्या फोर्ट्रानमध्येच ही सोय झाली होती की, फंक्शने वेगवेगळी रूपांतरित करून मागाहून जोडावी, आणि त्यांपैकी काही थेट यंत्राच्या भाषेजवळची असली तरी चालावे. पुढचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. अनेक अज्ञात राशींची समीकरणे सोडविणाऱ्या फंक्शनांचा लॅपॅक नावाचा संग्रह १९९२ साली फोर्ट्रानमध्ये तयार झाला. त्याच्या खालचा पाया, म्हणजे ब्लास हा संग्रह, १९७९ साली प्रसिद्ध झालेला. आज एखादा विद्यार्थी पायथनमध्ये नमपाय हे साधन वापरून समीकरणे सोडवितो, तेव्हा त्याची हाक आतल्या आत लॅपॅकच्या फंक्शनांपर्यंत पोचते. बोलावणाऱ्या मुलाला फोर्ट्रानचे एक अक्षर येत नसते. पण त्याच्या जन्माआधी कोणीतरी काळजीपूर्वक केलेले काम त्याच्या उपयोगी पडत असते.

उंबरठ्यावर काय घडते?

एका भाषेतून दुसऱ्या भाषेतील फंक्शनला बोलावणे शक्य होते ते एकाच कारणाने. दोन्ही भाषांचे शेवटी यांत्रिक भाषेत रूपांतर होते. तेथे पायथन नाही, सी नाही, फोर्ट्रानही नाही. तेथे आहेत फक्त स्मृतीतील जागा आणि प्रोसेसरमधील अगदी लहान, पण अतिवेगवान असे कप्पे. ह्या कप्प्यांना रजिस्टर म्हणतात.

बोलावणारा आणि बोलावलेला ह्यांच्यात एक संकेत ठरलेला असतो. इंटेल जातीच्या ६४ बिटी प्रोसेसरवर लिनक्स चालत असेल तर पूर्णांक आणि स्मृतीतले पत्ते ह्या जातीच्या पहिल्या सहा गोष्टी ठरलेल्या सहा कप्प्यांतून द्यावयाच्या. दशांशसंख्यांसाठी निराळे आठ कप्पे आहेत. त्याच प्रोसेसरवर विंडोज असेल तर पहिल्या चारच गोष्टी कप्प्यांतून जातात. उत्तर परत येताना पूर्णांक एका कप्प्यात ठेवतात आणि दशांशसंख्या दुसऱ्याच कप्प्यात. वाचकांनी हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. आमची पहिली चूक तेथेच झाली.

आता मुद्द्याची गोष्ट ही की, एका भाषेच्या आत हा संकेत पाळला जातो की नाही, हे रूपांतर करणारा प्रोग्राम स्वतः तपासतो. पूर्णांकाच्या जागी दुसरे काही दिले तर तो पुष्कळदा तेथेच अडवितो. पण भाषेचा उंबरठा ओलांडला की हा पहारेकरी राहत नाही. पलीकडच्या फंक्शनाला काय हवे आणि ते काय परत देणार, हे बोलावणाऱ्याने स्वतः सांगावयाचे असते. त्याने जे सांगितले ते यंत्र खरे मानते.

आपल्या बडोद्याच्या वाचकांना ही अडचण नवी वाटू नये. बडोदे संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध केला. राज्यकारभारातील एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत आदी भाषांतील प्रतिशब्द त्यात मांडले आहेत. कारभार अनेक भाषांतून चालावयाचा तर कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जागी, हे आधी लिहून ठेवले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. दोन संगणकभाषांच्या मधल्या उंबरठ्यावरही असाच एक लहानसा कोश लागतो. सीमध्ये फंक्शनाचे नाव, त्याला लागणाऱ्या गोष्टींचे प्रकार आणि उत्तराचा प्रकार ज्या फाइलीत लिहितात तिला हेडर म्हणतात. पायथनकडून बोलावताना हीच माहिती पायथनच्या बाजूने पुन्हा लिहावी लागते.

आमचा प्रयोग आणि पहिली चूक

आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे आजोबा निवृत्त अभियंता आहेत. अनेक वर्षांपूर्वी त्यांनी घरच्या ठेवींचा हिशेब ठेवण्यासाठी सीमध्ये काही फंक्शने लिहिली होती. त्यांतील एकाचे नाव 'रास'. मुद्दल, दर आणि मुदत दिली की ते चक्रवाढ व्याजाने होणारी रास परत देई. नातीच्या मनात आले की, हे फंक्शन आपण पायथनमधून चालवून दाखवावे. आम्हालाही ती कल्पना आवडली. शिष्यवृत्ती निधीच्या ठेवींचा तक्ता त्या सुमारास तयार करावयाचाच होता. तो ह्याच मार्गाने करावा असे ठरले.

रीत सोपी आहे. प्रथम सीमधील फंक्शनाचे यांत्रिक रूपांतर करून त्याची अशी फाइल करावयाची, की जी दुसऱ्या प्रोग्रामाला चालता चालता जोडून घेता येईल. विंडोजवर अशा फाइलीला डीएलएल म्हणतात, लिनक्सवर शेअर्ड ऑब्जेक्ट. मग पायथनमधील सीटाइप्स हे साधन घ्यावयाचे. २००६ सालच्या पायथन २.५ पासून ते पायथनबरोबरच मिळते. त्याच्या मदतीने ती फाइल उघडावयाची आणि नावाने फंक्शनला बोलवावयाचे.

नातीने हे सर्व केले. मुद्दल आणि दर ह्या दशांशसंख्या आहेत आणि मुदत पूर्णांक आहे, हे तिने लिहिले. ते लिहिल्यावाचून सीटाइप्स पायथनची दशांशसंख्या स्वीकारीतच नाही, त्यामुळे विसरणे शक्य नव्हते. मग मुद्दल १०,००० रुपये, दर दरसाल दरशेकडा ८ आणि मुदत ५ असे देऊन फंक्शनला बोलावले. उत्तर आले: ५.

सगळे हसले. मुदत १० दिली, तेव्हा उत्तर १० आले. मुदत ७ दिली, तेव्हा ७. दहा हजारांची रास सात रुपये! फंक्शन बिघडले असे कोणी म्हणाले. पण तेच फंक्शन सीमधून चालविले तर उत्तर ठाकठीक येत होते.

उलगडा असा झाला. आत काय जाते ते आम्ही सांगितले होते, पण बाहेर काय येते ते सांगितले नव्हते. न सांगितल्यास सीटाइप्स असे धरून चालते की उत्तर पूर्णांक आहे. म्हणून पायथनने पूर्णांकांच्या कप्प्यात हात घातला. रास मात्र दशांशसंख्या असल्यामुळे शेजारच्या निराळ्या कप्प्यात निमूट पडून होती. मग पूर्णांकांच्या कप्प्यात ५ कसे? फंक्शनाच्या आत मुदत मोजण्यासाठी एक, दोन, तीन असे मोजणारा जो आकडा होता, तो त्याच कप्प्यात वाढत जाऊन शेवटी पाचावर थांबला होता. गुणाकार पाच वेळा झाल्याची ती खूण, आणि तीच आम्ही रास म्हणून उचलली होती. निराळ्या रूपांतर-प्रोग्रामाने तेथे दुसरेच काही उरले असते आणि उत्तर दुसरेच काही आले असते.

उत्तराचा प्रकार दशांशसंख्या आहे, अशी एक ओळ लिहिताच १२,१६६.५३ हा आकडा समोर आला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही समाधानाने पाठ संपविला. ही खरी चूक होती.

दुसरी चूक, जी हसली नाही

पहिल्या चुकीचे एक बरे असते. दहा हजारांची रास पाच रुपये येते, तेव्हा लहान मूलही शंका घेते. पण १२,१६६ रुपये ५३ पैसे ह्या आकड्यात संशय घेण्यासारखे काय आहे? मुद्दलापेक्षा रास मोठी आहे, पैसे पूर्ण आहेत, आकडा सभ्य दिसतो. त्याच रीतीने सर्व ठेवींचा तक्ता झाला आणि तो बैठकीपुढे गेला. तक्त्याप्रमाणे निधीत अपेक्षेहून कमी पैसा जमणार होता. म्हणून पुढील वर्षी सहाऐवजी चारच शिष्यवृत्त्या द्याव्या, असे समितीचे जवळजवळ ठरत आले.

त्या संध्याकाळी नातीने तक्ता कौतुकाने आजोबांना दाखविला. त्यांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली आणि विचारले, "अगं, हे पाच वर्षांचे का?"

"हो आजोबा, तुमच्याच फंक्शनाने काढले आहे."

"मग दहा हजारांवर आठ टक्क्यांनी वर्षाचे सरळव्याज किती?"

"आठशे."

"पाच वर्षांचे?"

"चार हजार."

"मग सरळव्याजानेच रास चौदा हजार होते. चक्रवाढ त्याहून कमी कशी होईल?"

नात गप्प झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही गप्प झालो.

कारण असे होते. आजोबांच्या ठेवींवर चक्रवाढ सहामाही असे. म्हणून त्यांच्या फंक्शनाला मुदत लागे ती सहामाहींची; वार्षिक दर ते आत स्वतः निम्मा करी. निधीच्या ठेवीही सहामाही चक्रवाढीच्याच होत्या, त्यामुळे फंक्शन योग्यच होते. आम्ही मात्र मुदत वर्षांत दिली. पाच वर्षे म्हणजे दहा सहामाह्या. त्याने पाचच सहामाह्यांचे व्याज दिले. मुदत १० दिल्यावर रास १४,८०२.४४ आली. एका दहा हजारांमागे २,६३५ रुपये ९१ पैशांचा फरक! तक्ता पुन्हा केला, समितीला दिलगिरीसह सादर केला आणि सहाही शिष्यवृत्त्या कायम राहिल्या.

ह्यात यंत्राची चूक कोठेच नाही. मुदत पूर्णांक हवी होती, पूर्णांकच दिली होती. प्रकार जुळला, अर्थ जुळला नाही. मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणाऱ्यांना ह्याचा अनुभव आहे. 'शिक्षा' हा शब्द दोन्ही भाषांत आहे, अक्षरे तीच, उच्चार तोच. पण हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण आणि मराठीत दंड. 'चेष्टा' म्हणजे हिंदीत प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा. अगदी अपरिचित शब्द आला तर माणूस थांबून अर्थ विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र न विचारता पुढे जाऊ देतो, आणि फसतो तो तेथेच.

मंगळाच्या वाटेवरील तीच चूक

आपल्या वर्गाची चूक लहान. अशीच चूक फार मोठ्या ठिकाणीही झाली आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे एक यान पाठविले. मंगळाचे हवामान पाहण्यासाठी निघालेले हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताच कायमचे नाहीसे झाले. चौकशीत दिसले ते असे: यानाच्या लहान इंजिनांनी दिलेल्या रेट्याचे आकडे जमिनीवरचा एक प्रोग्राम पौंडाच्या मापात देत होता आणि ते घेणारा पुढचा प्रोग्राम ते न्यूटनच्या मापात आहेत असे समजत होता. दोन्ही मापांत सुमारे ४.४५ पटींचा फरक. दोन्ही बाजूंचे आकडे आकडेच होते. कोणताही प्रोग्राम अडखळला नाही. मार्ग थोडाथोडा चुकत गेला आणि यान ठरलेल्या उंचीपेक्षा फार खाली गेले.

ती चूक दोन संगणकभाषांमुळे झाली असे नाही. पण दोन प्रोग्राम जेथे भेटतात त्या उंबरठ्यावर ती झाली, आणि तिचे स्वरूप आमच्या सहामाहीसारखेच होते. प्रत्येक बाजूचे काम आपापल्या जागी बरोबर असूनही जोड चुकू शकतो, हे तिच्यावरून ध्यानात यावे.

सांभाळावयाच्या आणखी तीन जागा

संख्यांखेरीज इतर गोष्टी उंबरठ्यावरून नेताना जेथे हमखास पाय अडखळतो, अशा तीन जागा थोडक्यात सांगतो.

पहिली जागा मजकुराची. सीमध्ये मजकूर कोठे संपला हे कळावे म्हणून त्याच्या शेवटी शून्याचा एक बाइट ठेवतात. रोमन लिपीचे साधे अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीला आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना-मात्रा हे चिन्ह वेगळे धरून. म्हणजे 'आई' ह्या दोन चिन्हांच्या शब्दाला सहा बाइट आणि शेवटचा शून्य मिळून सात. 'काका' ह्या शब्दात चार चिन्हे, म्हणून बारा आणि एक असे तेरा. जुन्या सी प्रोग्रामात नावासाठी वीस बाइटांची जागा असेल, तर सभासदाचे मराठी नाव सहा चिन्हांतच संपले पाहिजे! ते न तपासता मोठे नाव दिले तर उरलेली अक्षरे शेजारच्या जागेवर पडतात आणि तेथला मजकूर पुसून जातो.

दुसरी जागा स्मृतीच्या मालकीची. पायथन आपल्या वस्तू स्वतःच झाडून ठेवते. ज्या वस्तूची कोणाला गरज उरली नाही ती जागा ती आपणहून मोकळी करते. सीमध्ये जागा मागणाऱ्याने ती परतही करावयाची असते. सीच्या फंक्शनाने जागा घेतली आणि उत्तर त्यात ठेवून दिले, तर ती परत कोणी करावयाची? कोणीच केली नाही तर स्मृती भरत जाते. दोघांनी केली तर प्रोग्राम कोसळतो. न्यासाच्या कार्यालयातून लग्नकार्यासाठी भांडी नेणाऱ्यांना हे सांगावयास नको: ज्या कोठीतून भांडी आली त्याच कोठीत, त्याच वहीवर ती जमा झाली पाहिजेत. सीने घेतलेली जागा सीच्याच फंक्शनाने परत करावी आणि पायथनने त्या फंक्शनाला फक्त बोलवावे, हा सुरक्षित नियम.

तिसरी जागा कोष्टकांची. आकड्यांचे कोष्टक स्मृतीत एका सरळ रांगेत ठेवावे लागते. सी ते ओळीमागून ओळ असे ठेवते. फोर्ट्रान स्तंभामागून स्तंभ. एकीने ठेवलेले कोष्टक दुसरीने जसेच्या तसे उचलले तर ओळींचे स्तंभ होतात आणि स्तंभांच्या ओळी. आकडा एकही हरवत नाही, पण प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो.

ह्यासोबत वेगाविषयीही एक शब्द. उंबरठा ओलांडण्याला थोडा वेळ लागतोच. एकेक दाणा नेण्यासाठी हजार खेपा करण्यापेक्षा पोते एकदाच न्यावे. हजार ठेवींसाठी फंक्शनला हजारदा बोलावण्याऐवजी सगळे कोष्टक एकदाच द्यावे, म्हणजे सीच्या वेगाचा लाभ खरोखर पदरात पडतो.

वर्गाचा आताचा नियम

त्या प्रसंगानंतर आम्ही वर्गात एक रीत घालून दिली आहे. परभाषेतील फंक्शनला बोलावण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहावयाच्या: फंक्शनाचे नेमके नाव, आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा प्रकार व क्रम, त्या प्रत्येकीचे माप, म्हणजे रुपये की पैसे, वर्षे की सहामाह्या, परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार व माप, आणि स्मृती कोणाची, परत कोण करणार. मूळ लेखक हयात व भेटण्याजोगा असेल तर तो कागद त्याला दाखवावयाचा. शेवटी एक उदाहरण पेन्सिलीने सोडवून यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहावयाचे. ही सहावी गोष्ट. त्या तक्त्यातली चूक आजोबांच्या तोंडी हिशेबाने पकडली, हे आम्ही विसरलेलो नाही.

आजोबांच्या फंक्शनाच्या डोक्यावर नातीने आता एक ओळ लिहून ठेवली आहे: 'मुदत सहामाहींत द्यावी.' त्यावर आजोबा म्हणाले, "ही ओळ मीच तेव्हा लिहावयास हवी होती. मला वाटले, माझ्याखेरीज हे कोण वापरणार?"

काम करणारा प्रत्येकजण असेच समजतो. परंतु चांगले केलेले काम आपल्या माणसाला मागे टाकून पुढे जाते आणि ज्यांची भाषा आपल्याला येत नाही अशांच्या हाती पडते. त्यांच्यासाठी एक ओळ लिहून ठेवणे, एवढेच आपल्या हाती असते. न्यासाच्या जुन्या वह्या पाहताना ज्यांनी नोंदीखाली खुलासा लिहून ठेवला त्यांचे आम्ही मनोमन आभार मानतो. आपल्या प्रोग्रामांविषयीही पुढच्यांना तसेच म्हणता यावे, ह्या इच्छेने हा पाठ येथे पुरा करतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मुद्दल २५,००० रुपये, दर दरसाल दरशेकडा ६, चक्रवाढ सहामाही, मुदत ३ वर्षे. 'रास' ह्या फंक्शनाला मुदत म्हणून कोणता आकडा द्यावा? उत्तर किती रुपयांहून कमी येता कामा नये, हे सरळव्याजावरून आधी ठरवा आणि मग रास काढा.

२. आपले स्वतःचे नाव देवनागरीत लिहा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे वेगळी मोजून त्याला किती बाइट लागतील ते काढा. शेवटचा शून्य विसरू नका. जोडाक्षरात न दिसणारा हलन्तही मोजावयाचा असतो.

३. घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवलेली एखादी जुनी वही किंवा कोष्टक घ्या. त्यातील कोणत्या आकड्याचे माप लिहिलेले नाही ते शोधा आणि लिहिणारी व्यक्ती भेटत असेल तर आजच विचारून घ्या.